टाच सुटते, चवडा बधिर होतो: क्रॉस-कंट्री बुटाच्या निवडीचं एक प्रकरण

तक्रार दोन ओळींची होती. उजव्या पायाची तिसरी आणि चौथी बोटं पाऊण तासात बधिर होतात. आणि सायकल ढकलत चढ चढताना दोन्ही टाचा बुटातून सुटतात.

रायडरचं वजन ५७ किलो, क्रॉस-कंट्रीचा, म्हणजे डोंगरवाटांवरच्या सायकलिंगचा, सराव जुना. एक राइड दोन ते तीन तासांची, त्यातला काही भाग सायकल हातात धरून दगडांवरून चालत. बाळंतपणानंतर दीडेक वर्षानं ती पुन्हा ट्रेलवर आली, तेव्हा आधीचे ३९ नंबरचे बूट करंगळीपाशी चावायला लागले होते. म्हणून तिनं थेट ४१.५ नंबरचे, कार्बन सोलचे युनिसेक्स बूट घेतले. चावणं थांबलं. बधिरपणा त्यानंतर सुरू झाला.

हा क्रम लक्षात ठेवायला हवा, कारण सगळं निदान त्यातच आहे. बूट घट्ट असताना करंगळी दुखत होती, बोटं बधिर होत नव्हती. बूट सैल झाल्यावर बधिर व्हायला लागली. बहुतेक जण इथे ‘अजून रुंद बूट घे’ किंवा ‘जाड मोजे घाल’ असा सल्ला देतात. या प्रकरणात दोन्हींनी त्रास वाढला असता.

मापं

मापं संध्याकाळी घेतली, राइडला घालायचे तेच मोजे घालून आणि उभ्यानं. कागद भिंतीला लावून जमिनीवर ठेवला, टाच भिंतीला टेकवली, आणि ज्या पायाचं माप घ्यायचं त्यावर वजन जास्त टाकलं. पेन्सिल अगदी उभी धरायची. तिरकी धरली की ती पावलाखाली शिरते आणि रुंदी काही मिलिमीटरनं कमी भरते. नेमकी तेवढ्यामुळेच निवड चुकते. घेरांसाठी शिंप्याची टेप वापरली, ओढून न घेता.

लांबी डाव्या पायाची २४३ मिमी, उजव्याची २४७. चवड्याची रुंदी डावीकडे ९८, उजवीकडे १०१. उजव्या चवड्याचा घेर २४४ मिमी, आणि त्याच पायाच्या इन्स्टेपचा, म्हणजे लेस जिथे बांधतो त्या उंचवट्याचा घेर २२८. टाचेची रुंदी ६१.

या आकड्यांत लांबी सगळ्यात कमी बोलकी आहे. चवड्याचा आणि इन्स्टेपचा घेर साधारणपणे एकमेकांच्या आसपास असतात. इथे दोन्हींत १६ मिमीचा फरक आहे. म्हणजे पाऊल पुढं पसरट, मध्ये सपाट आणि मागं अरुंद. अशा पावलाला बूट पुढून मोकळा आणि मधून-मागून कसलेला लागतो. साचा असा असलेले बूट मिळतात, पण डब्यावरच्या नंबरावरून ते ओळखता येत नाहीत.

आणखी एक माप मुद्दाम घेतलं: उजव्या चवड्याची रुंदी बसल्या जागी, पायावर भार न टाकता. ती ९६ भरली. उभं राहिल्यावर १०१. भार पडताच पाऊल ५ मिमी पसरतं, याचा अर्थ कमान बरीच खाली बसते. गरोदरपणात वाढलेलं वजन आणि सैल पडलेले अस्थिबंध यांमुळे कमान खाली येऊन पाऊल लांबी-रुंदीला वाढू शकतं, आणि पुष्कळदा ते बाळंतपणानंतरही तसंच राहतं. आधीच्या ३९ नंबरच्या बुटात काही बिघडलेलं नव्हतं, पाऊल बदललं होतं. म्हणून बाळंतपणानंतर सायकलिंगकडे परतणाऱ्या प्रत्येकीनं जुन्या नंबरवर विश्वास न ठेवता पुन्हा मापं घ्यावीत, असं आमचं ठाम मत आहे.

४१.५ मध्ये काय होत होतं

युरोपीय नंबर दर एककाला ६.६७ मिमीनं वाढतो, अर्धा नंबर ३.३ मिमीनं. शिमानो या सायकलचे बूट-पेडल बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यात ३९ नंबर २४.५ सेंमी लांबीच्या पावलासाठी आहे, ४० नंबर २५.२ साठी आणि ४१.५ नंबर २६.२ साठी. रायडरचा मोठा पाय २४.७. म्हणजे तिनं घेतलेला बूट दीड सेंटिमीटर लांब पावलाचा होता. रुंदी मिळवण्यासाठी लांबी वाढवायची ही सवय सर्रास दिसते. रोजच्या चपला-बुटांत ती खपून जाते, क्लीटच्या, म्हणजे पेडलमध्ये अडकणारा तुकडा तळाशी लावलेल्या, बुटात खपत नाही.

कारण असं. टाचेपासून अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यापर्यंतचं अंतर साधारणपणे पावलाच्या लांबीच्या ७२ टक्क्यांच्या आसपास असतं. २४७ मिमीच्या पावलात हा सांधा टाचेपासून सुमारे १७८ मिमीवर येतो. २६२ मिमीच्या पावलासाठी केलेल्या बुटात तो सुमारे १८९ मिमीवर धरलेला असतो. फरक ११ मिमी. बुटाचा सर्वांत रुंद भाग, इनसोलची (बुटातल्या सुट्या गादीची) कमान आणि क्लीटच्या खाचा, सगळंच ११ मिमी पुढं सरकलेलं. रायडरचा रुंद चवडा बुटाच्या रुंद भागाच्या मागं, म्हणजे जिथे बूट निमुळता होत येतो तिथे बसत होता. अडीच नंबर मोठा बूट घेऊनही तिला हवी ती रुंदी हवी तिथे मिळालीच नव्हती.

क्लीट तपासलं तर ते खाचेत पूर्ण मागं ओढलेलं होतं, तरीही चवड्याच्या सांध्यांच्या पुढं, जवळजवळ बोटांखाली होतं. अशा जागी पेडलचा दाब छोट्या क्षेत्रावर येतो आणि पोटरीला प्रत्येक फेऱ्यात टाच सावरून धरावी लागते. पोटऱ्या लवकर भरून येतात असं तिनं चौकशीत सांगितलं, पण मूळ तक्रारीत ते नव्हतं. तिला ते सरावाअभावी वाटत होतं.

उरली टाच. ६१ मिमीची टाच मोठ्या, खोल हील कपमध्ये, म्हणजे बुटाच्या टाचेकडच्या वाटीत, धरली जाईना. मग रायडर बुटाचा डायल, म्हणजे तार आवळणारी गोल फिरकी, आवळायची. बुटाच्या वरच्या दोन कडा एकमेकींना भिडेपर्यंत आवळल्यावरही टाच हलायचीच, कारण डायल पावलाच्या वरच्या बाजूला दाबतो, टाचेला बाजूनं नाही. बोटांना जाणाऱ्या नसा चवड्याच्या लांब हाडांच्या मधून जातात. वरून आवळलेली तार, बाजूनं निमुळता बूट आणि खालून क्लीटचा एकवटलेला दाब, असं तिन्हीकडून त्या दाबल्या गेल्या. तिसऱ्या आणि चौथ्या बोटांमधली जागा या बाबतीत सगळ्यात नाजूक असते, आणि तक्रार नेमकी तिथलीच होती.

बूट काढल्यावर दहा मिनिटांत संवेदना परत येते का, हेही विचारलं. येत होती. अनवाणी चालताना दुखत नव्हतं. बोटं तासन्‌तास बधिर राहिली असती, किंवा चवड्याखाली खडा रुतल्यासारखी वेदना घरात चालतानाही होत असती, तर बुटाची खरेदी थांबवून आधी अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवणं योग्य ठरलं असतं. मॉर्टन्स न्यूरोमाची, म्हणजे बोटांच्या मुळाशी नस जाड होण्याच्या विकाराची, सुरुवात अशीच असते.

स्त्रियांचा साचा कुठे उपयोगी पडतो

सारख्या लांबीची पावलं शेजारी ठेवली तर स्त्रियांच्या पावलाची टाच आणि इन्स्टेप सरासरीनं बारीक असतात. म्हणून खऱ्या अर्थानं स्त्रियांसाठी केलेल्या साच्यात हील कप अरुंद, इन्स्टेप खाली आणि घोट्याभोवतीची कड थोडी उतरलेली असते. हे तिन्ही फरक या रायडरच्या फायद्याचे होते. अडचण अशी की असे बरेच साचे चवड्यालाही अरुंद असतात.

बाजारातल्या सगळ्या ‘वूमन्स’ बुटांचा साचा वेगळा असतोच असं नाही. काहींत युनिसेक्स साचाच लहान नंबरांत आणि वेगळ्या रंगांत येतो. तपासायला सोपा उपाय आहे: त्याच मॉडेलच्या दोन्ही आवृत्त्यांचे एकाच नंबरचे इनसोल काढून एकमेकांवर ठेवायचे. टाचेपाशी कडा तंतोतंत जुळल्या तर साचा बहुधा तोच आहे.

स्त्रियांची एक कुरबुर रास्त आहे आणि ती इथे नोंदवायला हवी. क्रॉस-कंट्री १९९६ साली अटलांटात ऑलिंपिकमध्ये आलं तेव्हा पहिल्याच वर्षी स्त्रियांची आणि पुरुषांची, दोन्ही शर्यती झाल्या. तरीही कित्येक कंपन्यांचा सर्वांत वरच्या श्रेणीचा बूट स्त्रियांच्या साच्यात येतच नाही. स्त्रियांची श्रेणी मध्यम कडक सोलपाशी संपते. अरुंद टाचेच्या आणि शर्यतीत उतरणाऱ्या बाईला मग युनिसेक्स बुटातच मार्ग काढावा लागतो. या रायडरला मात्र मध्यम कडक सोलच हवा होता, त्यामुळे ही अडचण आड आली नाही.

सोल किती कडक हवा

बुटाच्या डब्यावर कडकपणाचा आकडा असतो, ६, ९, १२ असा काहीतरी. तो प्रत्येक कंपनीचा स्वतःचा असतो. एका कंपनीचा ९ आणि दुसऱ्या कंपनीचा ९ यांची तुलना करता येत नाही. त्याच कंपनीच्या दोन मॉडेलांत निवड करताना तेवढा तो कामाचा.

कडक सोलचा फायदा खरा आहे: छोट्या पेडलचा दाब पसरतो, चवडा वाकत नाही. पण ५७ किलोच्या रायडरकडून सोलवर येणारा जोर ८५ किलोच्या रायडरइतका नसतो. तिच्यासाठी मध्यम कडक सोलही पेडलवर पुरेसा ताठ राहतो. चालताना चित्र उलटतं. चढ चढताना पाऊल चवड्याच्या सांध्यात वाकायला बघतं आणि पूर्ण कार्बनचा सोल वाकत नाही. अशा वेळी टाच एकच करू शकते, बुटातून वर येणं. हलक्या रायडरला हा त्रास जास्त होतो, कारण तिच्या वजनानं सोल जराही दबत नाही. टाच सुटण्याच्या तक्रारीचा अर्धा भाग साच्याचा होता आणि अर्धा सोलचा.

म्हणून अट अशी ठरली: क्लीटच्या पट्ट्यात ताठ, बोटांच्या टोकाशी थोडा वाकणारा सोल. ग्लास फायबर मिसळलेल्या नायलॉनचा, किंवा नायलॉनमध्ये फक्त मधल्या भागात कार्बनची पट्टी असलेला. तपासायला बूट दोन्ही हातांत धरून टोक वर वाकवायचं. वाक क्लीटच्या खाचांच्या पुढं पडला पाहिजे. खाचांवरच पडत असेल तर तो बूट क्रॉस-कंट्रीला मऊ आहे.

सोलच्या खालच्या दातांकडे दुर्लक्ष होतं. कडक प्लॅस्टिकचे दात टिकतात, पण ओल्या दगडावर घसरतात. रबराचे लवकर झिजतात, पण धरून ठेवतात. दगडांवरून चालणं वाट्याला येणार असेल तर रबरच घ्यावं, झिजलं तरी चालेल. पुढच्या टोकाला स्पाइक लावायच्या दोन भोकांचा उपयोग चिखलाच्या शर्यतीत होतो. दगडावर स्पाइक धोक्याचे.

चार जोड, एक दुपार

पायावर चार जोड चढवले. प्रत्येकाची परीक्षा एकाच क्रमानं झाली. आधी इनसोल बाहेर काढून त्यावर उभं राहणं: पाऊल कडेबाहेर किती जातं. मग बूट घालून टाच मागं ठोकून बसवणं आणि खालून वर आवळणं. पुढं किती जागा उरते ते पाहणं. मग जिन्याच्या पायरीवर चवडा ठेवून टाच उचलणं, कारण सपाट जमिनीवर सगळे बूट बरे वाटतात. शेवटी दोन्ही बूट घालून वीस मिनिटं. पाच मिनिटांत कळत नाही असं पुष्कळ काही वीस मिनिटांत कळतं.

पहिला जोड स्त्रियांच्या साच्याचा, ४० नंबर, पूर्ण कार्बन, हलका. टाच अप्रतिम बसली. इनसोलवर उभं राहिल्यावर करंगळीचा सांधा ४ मिमी कडेबाहेर. वरचं कापड सिंथेटिक मायक्रोफायबर. ते चामड्यासारखं ताणत नाही. ‘वापरून सैल होईल’ ही आशा अशा कापडाच्या बाबतीत धरू नये. बाद.

दुसरा जोड त्याच मॉडेलचा ४१. करंगळीला जागा झाली, पण चवड्याचा सांधा पुन्हा बुटाच्या रुंद भागाच्या मागं गेला. ४१.५ चीच गोष्ट थोड्या कमी प्रमाणात. बाद.

तिसरा जोड युनिसेक्स, ४० नंबर, रुंद आवृत्ती, नायलॉन सोल, वर एक डायल आणि चवड्यावर एक पट्टा. शिमानो, सिदी, लेक अशा काही कंपन्या त्याच नंबरात रुंद साचा देतात, आणि रुंद पावलाला नंबर वाढवण्यापेक्षा हाच मार्ग बरोबर. चवडा इनसोलच्या आत अगदी नीट बसला. पायरीवर मात्र टाच ८ मिमी उचलली गेली आणि डायल शेवटपर्यंत आवळल्यावर वरच्या कडा एकमेकींवर चढल्या. बुटाचं पोट या पावलासाठी फार मोठं. जाड इनसोल घालून पोट भरता आलं असतं, पण टाच आणखी वर येऊन कपमधून बाहेर आली असती.

चौथा जोड दुसऱ्या एका कंपनीचा, स्त्रियांचा, ४० नंबर. पुढचा भाग निमुळता न होता गोलसर, त्यामुळे करंगळीकडे जागा. नायलॉनचा सोल, त्यात कार्बनची आखूड पट्टी. दोन डायल: एक चवड्याजवळ, एक इन्स्टेपवर. इनसोलवर उजवा चवडा कडेला टेकला, पण बाहेर गेला नाही. उजव्या पायापुढं ८ मिमी जागा उरली, डाव्यापुढं १२. क्रॉस-कंट्रीला सर्वांत लांब बोटापुढं ६ ते १० मिमी असावी. त्याहून कमी असेल तर उतारावर आणि चालताना नख बुटाला आपटतं. पायरीवर टाच उजवीकडे ३ मिमी उचलली, डावीकडे ५. नव्या बुटात ३ मिमी चालतात, ५ नाहीत. तरी हाच जोड निवडला, कारण डाव्याची उणीव भरून काढता येण्यासारखी होती. पहिल्या जोडातला करंगळीचा दाब कुठल्याच उपायानं गेला नसता.

इथे दोन डायलांबद्दल. एकच डायल पूर्ण पावलावर सारखा ताण देतो. पुढं पसरट आणि मधून बारीक पावलाला ते सोयीचं नाही: मधे कसायचं म्हटलं की पुढंही कसलं जातं. दोन डायल असले की पुढचा अगदी सैल ठेवून वरचा आवळता येतो. लेसनंही हे साधतं, चवड्यावरच्या दोन ओळी सैल सोडून. फक्त राइडच्या मध्यात, हातमोजे घालून लेस सैल करता येत नाही. पावलं गरम होऊन फुगतात तेव्हा ते करावं लागतंच. डायल दोन्ही दिशांना फिरणारा आहे का, हेही पाहून घ्यावं. काही डायल फक्त आवळता येतात. सैल करायला ओढून सगळीच तार सोडावी लागते.

इनसोल

बुटासोबत आलेला इनसोल पातळ फोमचा होता. भाराखाली ५ मिमी पसरणाऱ्या पावलाला त्याचा काही आधार नव्हता. त्याजागी मध्यम कमानीचा, ताठ तळाचा इनसोल घातला. कमान धरली गेली की चवडा कमी पसरतो आणि आहे त्याच बुटात करंगळीकडे जागा होते. उंच कमानीचा लगेच घेऊ नये. सपाट पावलाला तो आतल्या बाजूनं टोचतो आणि गुडघा बाहेर ढकलतो. नवा इनसोल बुटात घालून चवड्यापाशी उंची पुन्हा तपासली, कारण २ मिमी जाडी वाढली तर बोटांवर छत खाली येतं.

क्लीट

बूट पायात असताना बाहेरून अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मुळाचे सांधे चाचपले आणि दोन्ही जागी चिकटपट्टीवर खूण केली. करंगळीचा सांधा अंगठ्याच्या बराच मागं असतो. दोन्ही खुणा तळाशी उतरवून जोडल्या की तिरकी रेघ मिळते. क्लीटचा मध्य या दोन खुणांच्या मधोमध ठेवून सुरुवात करायची. सोलमधल्या पट्टीत आट्यांची चार भोकं असतात, पुढची जोडी आणि मागची जोडी. लहान नंबरच्या बुटात मागचीच जोडी बहुतेक वेळा कामी येते. इथेही तसंच झालं.

तिच्याकडचे पेडल एसपीडी होते. शिमानोनं १९९० मध्ये आणलेली ही पद्धत, दोन बोल्टांचं क्लीट, आज जवळपास प्रत्येक क्रॉस-कंट्री बुटात बसते. काळं एसएच-५१ क्लीट टाच बाहेरच्या बाजूला वळवून सुटतं. एसएच-५६ पाऊल वर-तिरकं ओढलं तरी सुटतं. सरावातल्या रायडरला ५१ बरं, कारण उडी मारताना किंवा जोरात ओढताना ते अवचित सुटत नाही. बोल्टांना ग्रीस लावून आळीपाळीनं ५ ते ६ न्यूटन-मीटरपर्यंत आवळले. ढिल्या क्लीटचा धोका फार कमी जणांना ठाऊक असतो: पाऊल वळतं, क्लीट पेडलमध्येच राहतं, आणि रायडर अडकल्या पायानिशी कुशीवर पडते. म्हणून पहिल्या राइडनंतर बोल्ट पुन्हा तपासायचेच.

दिशेसाठी रायडरला उंच स्टुलावर पाय लोंबकळत बसवलं. तिचा उजवा पाय थोडा बाहेर वळलेला राहतो, डावा सरळ. क्लीट तसेच लावले. एसपीडीत साधारण ४ अंशांची मोकळीक असते. रायडरची नैसर्गिक दिशा त्या मोकळिकीच्या मधोमध यावी. एका टोकाला आली तर गुडघा दिवसभर स्प्रिंगशी भांडत राहतो.

सीटची उंचीही बदलावी लागली. जुन्या बुटापेक्षा नव्याचा सोल ३ मिमी पातळ, आणि क्लीट पावलाच्या मानानं मागं आलं. दोन्हींमुळे पेडल लांब पडतं. आधी ३ मिमी सीट खाली घेतली, राइडनंतर आणखी २. बूट बदलून सीट तशीच ठेवली की गुडघ्यामागं ओढ बसते आणि दोष बुटाला दिला जातो.

पहिले तीन आठवडे

पहिल्या दोन राइड जेमतेम तासाभराच्या, सपाट वाटांवर. एक अडचण लगेच आली: उजवा पाय पेडलमधून सुटायला जड जात होता. स्प्रिंग सैल करूनही फरक पडेना. क्लीट लावलेला बूट पेडलमध्ये अडकवून खालून टॉर्च मारला तेव्हा दिसलं की क्लीटच्या दोन्ही बाजूंचे रबरी दात पेडलच्या अंगावर दाबून घासत होते. कागदाचा तुकडा मधून सरकत नव्हता. क्लीटखाली १ मिमीची पत्री घातली, कागद सरकायला लागला, पाय सुटायला लागला. पत्री नसेल तर धारदार कटरनं दात किंचित तासतात. पण तासलेलं रबर परत येत नाही, म्हणून आधी पत्री.

डाव्या टाचेसाठी बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला ३ मिमी जाडीचा फेल्टचा तुकडा चिकटवला, इन्स्टेपच्या वर. तो पावलाला मागं ढकलून टाच कपमध्ये बसवतो. हील कपमध्ये मागून पॅड लावणं हा उलटा उपाय झाला असता: पाऊल पुढं सरकतं, बोटांची जागा कमी होते, आणि चालताना पॅड निघून मोज्यात गोळा होतं. फेल्टनंतर डावी टाच पायरीवर ३ मिमीच उचलली.

दुसऱ्या आठवड्यात दोन तासांच्या राइडमध्ये उजव्या बोटांना मुंग्या आल्या, पण पूर्ण बधिरपणा नाही, आणि त्याही लांब चढावर. चढावर बसून दाब सलग पडतो. क्लीट ४ मिमी मागं घेतलं, डावं-उजवं दोन्ही. एकाच बाजूचं हलवलं तर दोन पायांची पोहोच वेगळी होते. यासोबत राइडला अर्धा तास झाला की पुढचा डायल दोन टिचक्या सैल करायची सवय लावली. तिसऱ्या आठवड्यात तीन तासांच्या राइडनंतर मुंग्या नाहीत, आणि पोटऱ्यांची तक्रारही आपोआप गेली. सायकल ढकलत चढतानाही टाच जागेवर राहते. ओल्या चढावर डावी अजून किंचित हलते, फोड येण्याइतकी नाही.

पावलाची वेगळी ठेवण असती तर निवड वेगळी झाली असती. चवडाही अरुंद असता तर पहिला जोड योग्य होता, सोल बदलून. इन्स्टेप उंच असता तर तिसरा, युनिसेक्स रुंद. दोन पायांत एका नंबरहून जास्त फरक असता तर मोठ्या पायाचा बूट घेऊन लहान पायाच्या इनसोलखाली पातळ पत्री घालावी लागली असती, आणि सीटची उंची त्या पायानुसार पाहावी लागली असती.

क्लीटची अंतिम जागा ठरल्यावर त्याच्या चारही कडांनी सोलवर पेंट मार्करनं रेघ मारून ठेवली आहे. क्लीट झिजून बदलायची वेळ आली, पेडलमध्ये बसल्यावर पाय बाजूला हलायला लागला की ती आली समजायचं, तेव्हा नवं क्लीट त्याच रेघांत बसवायचं. खाली घातलेली १ मिमीची पत्री त्या वेळी विसरायची नाही.